शिवलेलं मृत्युपत्र

बाइंडरचं पिनांशी वाकडं होतं. एखाद्याचं एखाद्याशी उगीचच वाकडं असतं, पण बाइंडरकडे कारण होतं. एकेचाळीस वर्षं माणसानं जुनी पुस्तकं उसवून पुन्हा शिवली, की त्याला कळतंच की वाळवीपेक्षा लोखंडानं खाल्लेले कागद जास्त. स्टेपलची पीन गंजते, गंज कागदात उतरतो, आणि काही वर्षांनी त्या जागी धड पीनही राहत नाही नि धड कागदही. त्यामुळे पिना मारलेला कागद समोर आला की याची नखं शिवशिवायला लागत. विजेचं बिल असो, डॉक्टरचा रिपोर्ट असो, शेजाऱ्याच्या मुलीचा शाळेचा निकाल असो. बोलता बोलता हा पीन उपटून मोकळा, आणि वर दोऱ्याचे दोन टाके घालून परत देणार. "ह्यांना चिठ्ठीवरची पीन दिसते, चिठ्ठीतलं औषध दिसत नाही," असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

दुकान जिन्याखालचं. एक खिडकी, एक लोखंडी दाबयंत्र, पुठ्ठ्यांची थप्पी, आणि खळीचा आंबूस वास. त्या थप्पीवर रोज दुपारी चार वाजता मास्तर येऊन बसत. मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, तीन घरं सोडून राहणारे. दुरुस्तीला आलेली लोकांची पुस्तकं उघडायची, त्यातल्या चुका पेन्सिलीनं सुधारायच्या, हा त्यांचा उद्योग. मास्तर घरी गेले की त्या खुणा खोडरबरानं पुसत बसायचं, हा बाइंडरचा. दोघांची मैत्री अशी तीस वर्षं चालली आणि त्यात कधी खंड पडला नाही.

सहा वर्षांपूर्वी मास्तरांनी एक बंद लिफाफा त्याच्या टेबलावर ठेवला.

"माझं मृत्युपत्र आहे. यात तुमचं नाव घातलंय. एक्झिक्युटर म्हणून."

"म्हणजे मी काय करायचं?"

"मी गेल्यावर माझी आवराआवर."

"ती आत्ताही मीच करतो," बाइंडर म्हणाला आणि लिफाफा कपाटात टाकला.

मास्तर गेले ते झोपेतच. त्रास नाही, धावाधाव नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता, तो आला. घरी मास्तरांची बहीण होती, आक्का. अकरा वर्षांपूर्वी ती एक ट्रंक घेऊन भावाकडे आली होती, विधवा, मूलबाळ नाही. मास्तर वरच्या मजल्यावर, आक्का खालच्या खोलीत, स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. मास्तरांचं म्हातारपणीचं दुखणंखुपणं सगळं तिनंच काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाइंडरनं दुकानाचं दार लोटून लिफाफा उघडला. आत तीन टंकलिखित पानं. पहिल्या पानावर, घर आणि जे काही आहे ते सगळं मुलाला. दुसऱ्या पानावर, खालची खोली आणि स्वयंपाकघर आक्का जिवंत असेपर्यंत तिच्या वापरात राहील, तिला कोणी जा म्हणायचं नाही, आणि तिच्या हयातीत घर विकायचं असेल तर तिच्या संमतीनंच. तिसऱ्या पानावर मास्तरांची सही, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. वाचता वाचता बाइंडरचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांना दिसलं काय? डाव्या कडेला दोन पिना, गंजून तपकिरी झालेल्या.

आता यात त्याचा दोष म्हणावा तर आहे, आणि म्हणू नये तर हात सवयीचे गुलाम. मित्राचा शेवटचा कागद, तो असा गंजत ठेवायचा? त्यानं बोथट सुरी घालून दोन्ही पिना अलगद उचलल्या, पानं सुटी करून त्यांवर मऊ ब्रश फिरवला, दाभणानं तीन भोकं पाडली आणि मेण लावलेल्या पांढऱ्या दोऱ्यानं अशी शिवण घातली की बघत राहावं. पिना केरात गेल्या. उभ्या आयुष्यात इतकं मन लावून तीन पानं त्यानं शिवली नव्हती.

संध्याकाळी त्यानं ते आक्काला आणि मुलाला वाचून दाखवलं. आक्का पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. मुलानं कागद मागून घेतला, दुसरं पान दोनदा वाचलं, दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"छान शिवलंय, काका," एवढंच तो म्हणाला, आणि चार दिवसांनी नोकरीवर परत गेला.

मग सुरू झाली आवराआवर. बाइंडरला वाटलं होतं, कपाटं आवरायची, पुस्तकं वाचनालयाला द्यायची, संपलं. कसलं काय! माणूस मरतो एका क्षणात, पण कागदावर तो कितीतरी महिने जिवंत असतो. पेन्शन कार्यालयाला कळवा, बँकेला कळवा, गॅसची जोडणी, फोनची जोडणी, घरपट्टी. एका ठिकाणच्या बाईनं तर "खुद्द त्यांनाच अर्ज करायला सांगा" असं सांगून खिडकी बंद केली. बाइंडरनं एक जाड वही बांधली, वर सोनेरी अक्षरांत मास्तरांचं नाव छापलं, आणि कुठे गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं ते रोज लिहू लागला. बँकेनं काखा वर केल्या. प्रोबेट आणा म्हणाले.

म्हणून तो वकीलबाईंकडे गेला. वकीलबाई तरुण, बोलायला सरळ, टेबलावर फायलींचा ढीग.

"काका, मृत्युपत्र म्हणजे गेलेल्या माणसाचं म्हणणं," त्या म्हणाल्या. "तो काही कोर्टात येऊन सांगणार नाही, की हो बाबा, हे माझंच. म्हणून कोर्ट कागद तपासतं, सही करताना हजर असलेल्या साक्षीदाराला विचारतं, वारसांना विचारतं की तुमची हरकत आहे का. सगळं जुळलं की शिक्का मारून देतं. तो शिक्का म्हणजे प्रोबेट. द्या, मूळ कागद बघू."

बाइंडरनं मोठ्या दिमाखात कागद पुढे केला. वकीलबाईंनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"हे शिवलंय कोणी?"

"मी."

"आधी पिना होत्या?"

"होत्या. गंजल्या होत्या हो. म्हणून मीच काढल्या."

वकीलबाईंनी कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ऐकता ऐकता बाइंडरच्या तोंडचं पाणी पळालं. मृत्युपत्राच्या पिनेला हात लावायचा नसतो. पीन काढली, म्हणजे पानं सुटी झाली. पानं सुटी झाली, म्हणजे एखादं पान बदललं असेल असं कोणीही म्हणू शकतो. त्यात मास्तरांनी सही फक्त शेवटच्या पानावर केलेली. जन्मभर ज्यांनी पोरांना प्रत्येक पुरवणीवर नंबर लिहायला लावला, त्यांनी स्वतःची दोन पानं बिनसहीची सोडली होती. साक्षीदारांपैकी एक वारला होता. दुसरा, औषधांच्या दुकानाचा मालक, सही माझ्यासमोर झाली असं शपथेवर सांगायला तयार होता. पण आत काय लिहिलंय ते त्यानं वाचलं नव्हतं. साक्षीदार वाचत नसतातच.

"म्हणजे दुसरं पान?"

"दुसऱ्या पानाला आता तुमच्या शब्दाशिवाय कोणी नाही, काका. मुलानं हरकत घेतली आणि कोर्टाला ते पान पटलं नाही, तर पहिलं पान राहतं. सगळं मुलाचं. आत्याबाईंना काही नाही."

बाइंडर घरी आला तो जेवलाच नाही. बायकोनं खोदून खोदून विचारल्यावर त्यानं सांगितलं. ती व्यवहारी बाई, तिनं तिथल्या तिथे तोडगा काढला.

"एवढंच ना? गंजून आपोआप गळून पडल्या म्हणून सांगा. कोण बघायला आलंय? गंजल्या तर होत्याच."

आणि खरं सांगायचं तर बाइंडरला ते पटलं. पुरते दोन दिवस पटलं. दोन दिवस तो मनातल्या मनात ते वाक्य घोळवत होता: गळून पडल्या, मी फक्त शिवलं. आक्काचं घर वाचत होतं, कोणाचं नुकसान होत नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी तो वकीलबाईंसमोर बसला आणि तोंडातून ते निघेना. मास्तरांच्या कागदाला आता त्याच्या शब्दाचाच आधार, आणि त्यातला पहिलाच शब्द खोटा, हे त्याला सहन होईना. त्यानं प्रतिज्ञापत्रात सगळं लिहून दिलं: पिना मी काढल्या, पानं अर्धा तास सुटी होती, खोलीत मी एकटा होतो, पिना फेकून दिल्या. वाचायला सुद्धा लाजिरवाणं. "चांगलं केलंत," वकीलबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

नोटीस मुलाला गेली, आणि त्याचा फोन आला.

"काका, पानं सुटी केली होतीत तुम्ही?"

"केली होती."

मग, "मला त्या दुसऱ्या पानाचा विचार करावा लागेल," म्हणून त्यानं फोन ठेवला.

बाइंडरनं हे आक्काच्या कानावर घालायला हवं होतं. पण तो मूग गिळून बसला. रस्त्यात ती दिसली की हा गल्ली बदलायचा. माझ्या हातांनी मी हिला घराबाहेर काढलं, हे त्याच्या मनात रात्रंदिवस ठाण मांडून बसलेलं. पुस्तकांच्या शिवणी वाकड्या यायला लागल्या. शेवटी वकीलबाईंनीच आक्काला कळवलं, तर ती नुसतं "बरं" म्हणाली.

तारखेला सगळे जमले. कोर्टाच्या इमारतीत मागच्या बाजूला मृत्युपत्रांची खोली होती: छतापर्यंत फायलींची फडताळं, मध्ये लांब टेबल, टेबलामागे चष्म्यावरून बघणारा एक वयस्क अधिकारी. बाइंडर, वकीलबाई, मुलगा, आणि आक्का. आक्काला यायची गरज नव्हती. ती भिंतीकडेच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

अधिकाऱ्यानं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि बाइंडरकडे पाहिलं.

"तुम्ही शिवलंत, आता तुम्हीच उसवा. सगळ्यांच्या देखत."

सुरी अधिकाऱ्यानंच दिली. बाइंडरनं हजारो पुस्तकं उसवली असतील, पण इथे त्यानं एकेक टाका जपून कापला. दोरा निघाला. तीन पानं वेगळी झाली. अधिकाऱ्यानं ती एकेक करून खिडकीच्या उजेडात धरली. बाइंडरच्या दाभणाची तीन गोल भोकं, आणि त्यांच्या बाजूला पिनांची चार बारीक छिद्रं. तिन्ही पानांत. आणि तिन्ही पानांत त्या छिद्रांभोवती तपकिरी कड. पानं एकावर एक ठेवली तेव्हा डाग डागावर बसला.

"दुसऱ्या पानाला बाकीच्यांइतकाच गंज आहे," अधिकारी म्हणाला. "नव्या पानाला हा कुठून येणार? मी तसं नोंदवतो." मग तो मुलाकडे वळला. "पण तुमची हरकत असेल तर ती मी अडवू शकत नाही. मग प्रकरण न्यायाधीशांपुढे जाईल, साक्षीपुरावे होतील, दोन-चार वर्षं लागतील. तोवर सगळं जागच्या जागी. नसेल तर हा फॉर्म आहे, हरकत नसल्याचा. सही करा."

मुलानं फॉर्म पुढे ओढला. वाचला. पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"गंज आहे म्हणजे पान बाबांचंच," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता. "खरं तर ते पान तुमचं निघावं असं वाटत होतं मला, काका."

बाइंडरला काही कळेना.

"तुम्ही घुसडलं असतंत तर बरं झालं असतं. मी तुमच्यावर चिडलो असतो, भांडलो असतो, मोकळा झालो असतो. पण हे बाबांनी लिहिलंय. 'तिला कोणी जा म्हणायचं नाही.' कोणी म्हणजे कोण? घरात दुसरं आहे कोण? त्यांना वाटलं, मी आत्याला बाहेर काढेन. ते माझ्या तोंडावर कधी बोलले नाहीत, वकिलाकडून टाइप करून घेतलं." त्यानं बाइंडरकडे पाहिलं. "तुम्ही रोज भेटायचात. असं का वाटलं त्यांना?"

बाइंडरच्या जिभेवर दहा उत्तरं आली. तुझं फार कौतुक करायचे, तुझ्यासाठी नव्हतं ते, वकिलांची भाषाच अशी असते. बिचाऱ्याला बरं वाटलं असतं. पण ज्या टेबलावर आपण शपथेवर लिहून दिलेला कागद पडलाय, त्याच टेबलावर असली पुडी सोडायची त्याची हिंमत झाली नाही.

"मला माहीत नाही रे," तो म्हणाला. "मी कधी विचारलंच नाही त्यांना."

"मला विचारा की," बाकावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आक्का उठून टेबलाशी आली.

"तीन महिने झाले, माझ्या खोलीवरून सगळ्यांचं चाललंय. ह्यांचं चाललंय, तुझं चाललंय, साहेबांचं चाललंय. मला एकानंही विचारलं नाही. ते पान मी लिहायला लावलंय. माझ्या भावाच्या मनात तसलं काही नव्हतं. 'पोरगा आहे ना, तो बघेल,' म्हणत होता. मीच हटून बसले. म्हटलं, लिही."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. जिचा फायदा तिनंच हट्टानं लिहायला लावलं, म्हणजे हरकत घ्यायला यापेक्षा चांगलं निमित्त शोधूनही सापडलं नसतं. पण आक्काला आता कोण थांबवणार?

"मी? मी काय केलं होतं, आत्या?" मुलाचा चेहरा पडला होता.

"तू काही केलं नाहीस. आमचे हे गेले तेव्हा माझे धाकटे दीर म्हणाले, वहिनी, हे घर तुमचंच आहे, कुठे जायचं नाही. मनापासून म्हणाले बरं का, डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. खोटं नव्हतं ते. मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं, जागा पुरेना. माझी ट्रंक खोलीतून व्हरांड्यात आली. मग नातू झाला, ट्रंक जिन्याखाली गेली. जा असं कोणी म्हटलं नाही. कोणी वाईट नव्हतं रे त्यातलं. एक दिवस मीच ट्रंक उचलली आणि भावाकडे आले." तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुझ्यावर माझा विश्वास आहे. लहानपणापासून आहे. पण नुसत्या विश्वासावर एकदा राहून झालंय माझं. आता मला कागद पाहिजे होता. आणि भावाच्या मुलाविरुद्ध कागद करून घेतला याची लाज वाटत होती, म्हणून इतके दिवस तोंड उघडलं नाही. घ्यायची तर घे हरकत."

अधिकाऱ्यानं चष्मा काढून पुसला. बाइंडर सुट्या पानांकडे बघत उभा होता आणि त्याला स्वतःचीच कमाल वाटत होती: ज्या बाईच्या घरासाठी इतके दिवस झोप उडाली, तिला तोंड चुकवत फिरलो आणि साधं जाऊन विचारलं नाही.

मुलानं पेन पुन्हा उचललं.

"यात वर एक ओळ लिहू का?" त्यानं अधिकाऱ्याला विचारलं. "आत्या राहील, ते माझ्या इच्छेनं, असं?"

"फॉर्ममध्ये तशी जागा नाही," अधिकारी म्हणाला. "सांगायचं असेल तर त्यांना सांगा."

मुलगा आत्याकडे वळला.

"मी तुला कधीच जा म्हटलं नसतं, आत्या."

"माहीत आहे मला," आक्का म्हणाली. "सही कर."

आणि त्यानं केली.